भिंतीवरचं केळं

केळी या विषयावर बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे. मी काही केळी पिकवत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत कारकून आहे. पण आमच्या तालुक्यात बँकेत कारकून असणं म्हणजे केळीच्या बागेत अर्धा पाय असण्यासारखंच आहे. माझ्या टेबलावर गेली वीस वर्षं केळी येतात, पण कागदावर. इतके हेक्टर, इतकी खोडं, इतकं पीककर्ज, इतकी थकबाकी. नवतीचा भाव काय, पिलबागेचा काय, वापसीचा काय, हे मला बायकोच्या वाढदिवसापेक्षा जास्त चांगलं पाठ असतं. (हे वाक्य सौ. वाचणार नाही, अशी आशा आहे.)

म्हणून एके रात्री जेवताना आमच्या कन्येनं, "बाबा, एका केळ्याची किंमत किती?" असं विचारलं, तेव्हा मी हातातला घास तसाच ठेवून तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो, "ते बाजारभावावर अवलंबून असतं."

"एका केळ्याची. आणि ते भिंतीला चिकटपट्टीनं चिकटवलेलं असेल तर?"

"तर दोन रुपये कमी. चिकटपट्टीनं साल खराब होते."

कन्येनं मोबाइल माझ्यापुढे धरला. पांढरी भिंत, तिच्यावर एक पिवळं केळं आणि त्यावरून तिरकी गेलेली करड्या रंगाची रुंद चिकटपट्टी. खाली किंमत: 62 लाख डॉलर. मी मनातल्या मनात गुणाकार केला. आमच्या धंद्यात ती सवयच लागते. त्या दिवसाच्या भावानं सुमारे 52 कोटी रुपये. पुढच्या घासाला मला भाजीची चव लागली नाही.

आता ही हकिकत नीट सांगतो, कारण शाखेत मी ती सांगितली तेव्हा कोणाचा विश्वास बसला नव्हता. मॉरिझिओ कॅटेलान नावाचा एक इटालियन कलावंत आहे. जन्म 1960 चा, पादुआ शहरातला. बाप ट्रक चालवायचा, आई लोकांकडे साफसफाईची कामं करायची. म्हणजे माणूस आपल्यातलाच. याच गृहस्थानं 2016 साली अठरा कॅरेट सोन्याचा चालू स्थितीतला संडास तयार करून न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात बसवला होता. 2019 साली तो इंग्लंडमधल्या ब्लेनहाइम राजवाड्यात मांडला असताना चोरांनी उखडून नेला. (आमच्याकडे सोनेतारणाला आणला असता तर आमच्या व्हॅल्युअरनं कसोटीवर घासण्यासाठी तो कुठून धरला असता, या विचारानं मला दोन रात्री झोप नव्हती.)

तर या कॅटेलाननं 2019 च्या डिसेंबरात अमेरिकेत मायामीच्या कलाजत्रेत ते केळं भिंतीला चिकटवलं आणि त्याला नाव दिलं 'कॉमेडियन'. माध्यम: केळं आणि चिकटपट्टी. दोन वस्तू असल्यामुळे मिश्र माध्यम म्हणायला हरकत नाही. अशा तीन प्रती काढल्या. पहिल्या दोन प्रत्येकी 1 लाख 20 हजार डॉलरला गेल्या. तिसरीचा भाव वाढवला. हे मात्र मला लगेच कळलं. माल कमी पडला की आमच्याकडचे व्यापारीही हेच करतात. जत्रा चालू असतानाच डेव्हिड डाटुना नावाच्या दुसऱ्या एका कलावंतानं सरळ पुढे होऊन ते केळं सोलून खाल्लं. गॅलरीवाल्यांनी काय करावं? पोलिसात दिलं नाही. दुसरं केळं आणून चिकटवलं. पुढे 2023 साली सोलच्या संग्रहालयात एका विद्यार्थ्यानं तसंच केलं. कारण विचारलं तर म्हणाला, सकाळी नाश्ता केला नव्हता. त्यानं निदान सालपट पुन्हा भिंतीला चिकटवलं. वळण चांगलं असावं.

आणि 2024 च्या नोव्हेंबरात त्या तीनपैकी एक प्रत न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात आली. अंदाज होता 10 ते 15 लाख डॉलरचा. बोली सुरू झाली 8 लाखांपासून. हातोडा पडला 52 लाखांवर, आणि लिलाववाल्यांची दलाली धरून झाले 62 लाख. घेणारा होता जस्टिन सन नावाचा आभासी चलनाचा व्यापारी. त्यानं थोड्याच दिवसांत हाँगकाँगच्या एका मोठ्या हॉटेलात पत्रकारांना बोलावलं आणि सगळ्यांसमक्ष ते केळं खाऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाखेत मी कॅल्क्युलेटर काढून बसलो. किलोला साधारण आठ केळी धरली तर क्विंटलला आठशे. आठशे गुणिले 52 कोटी. म्हणजे नवतीचा भाव क्विंटलला 41 हजार 600 कोटी. मी आकडा मॅनेजरसाहेबांना दाखवला. ते म्हणाले, "एवढं कर्ज आपल्या अधिकारात बसत नाही, वर पाठवावं लागेल." कॅशियर जास्त व्यवहारी. त्यांनी एवढंच विचारलं, "चिकटपट्टी कोणत्या कंपनीची होती?"

तेवढ्यावर विषय संपला असता. पण माझ्या डोक्यातून तो जाईना. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हाला अर्थशास्त्र शिकवायला एक प्राध्यापक होते. त्यांनी अ‍ॅडम स्मिथचं एक कोडं घातलं होतं. 1776 सालच्या ग्रंथातलं. पाण्यावाचून माणूस मरतो, तरी पाणी फुकट; हिऱ्यावाचून कोणाचं अडत नाही, तरी हिरा महाग. असं का? एक उपयोगाचं मूल्य, दुसरं विनिमयाचं मूल्य. परीक्षेत मी हे उत्तर लिहिलं आणि दहापैकी सहा मार्क मिळाले. तेव्हा मला वाटलं, कोडं सुटलं. ते सुटलं नव्हतं, फक्त पास झालं होतं. कारण केळं हे एकाच वेळी पाणीही निघालं आणि हिराही. रस्त्यावर ते खाण्याचं, भिंतीवर ते 52 कोटींचं. मग ती किंमत नेमकी राहते कुठे? केळ्यात तर नाही. ते आठवड्यात काळं पडतं. चिकटपट्टीत नाही, ती तर स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

याचं उत्तर मला सापडलं तेव्हा मी हसलो. ती राहते कागदात! त्या 52 कोटींत खरेदीदाराला मिळालं एक केळं, एक चिकटपट्टीचं रीळ, आणि एक प्रमाणपत्र, सोबत सूचनापत्रिका. केळं जमिनीपासून 175 सेंटिमीटरवर लावावं. सात ते दहा दिवसांनी बदलावं. केळं खाल्लं तरी कलाकृती शाबूत. प्रमाणपत्र हरवलं तर मात्र तुमच्याकडे उरतं फक्त केळं.

हसलो अशासाठी, की मी स्वतः वीस वर्षं दुसरं काय करतोय? पाचशेच्या नोटेत कागदाशिवाय काय आहे? तिच्यावर गव्हर्नरसाहेबांनी वचन दिलेलं आहे म्हणून तुम्ही मला ती देता आणि मी तुम्हाला घेतो. मुदतठेवीची पावती घेऊन आजीबाई येतात आणि, "माझे पैसे दाखवा" म्हणतात, तेव्हा मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवतो. त्यांना आकडा दिसतो. त्या समाधानानं घरी जातात. आजीबाईंचा माझ्यावर विश्वास आहे, माझा बँकेवर, बँकेचा रिझर्व्ह बँकेवर. या साखळीतली एक कडी सुटली की सगळ्यांच्या हातात केळं. भाषेनं ते फार आधी ओळखलं होतं म्हणायचं.

इटलीत तर हा कागदाचा व्यवहार आणखी पुढे गेलेला दिसतो. साल्व्हातोरे गाराऊ या कलावंतानं 2021 साली एक अदृश्य शिल्प विकलं, 15 हजार युरोला. दीड मीटर बाय दीड मीटर जागा मोकळी सोडायची. शिल्प तिथे आहे. सोबत प्रमाणपत्र. आणि त्याच्या कितीतरी आधी, 1961 साली, पिएरो मांझोनीनं तीस-तीस ग्रॅमचे नव्वद डबे सीलबंद करून सोन्याच्या भावानं विकायला काढले. डब्यात काय होतं हे इथे लिहिणं प्रशस्त नाही. लेबलावर चार भाषांत लिहिलेलं आहे. मालकाचाच, म्हणजे कलावंताचा स्वतःचा माल, एवढं सांगतो. त्यातला एक डबा 2016 साली मिलानला पावणेतीन लाख युरोला गेला. सोन्यापेक्षा कितीतरी पट जास्त! आणि लोक आम्हाला सोन्यात पैसे गुंतवायला सांगतात.

सौ.चं मत स्पष्ट होतं. "ही फसवणूक आहे." मी विचारलं, "कोणाची?" विकणाऱ्याला ठाऊक होतं ते केळं आहे. घेणाऱ्याला ठाऊक होतं ते केळं आहे. कलाकृतीचं नावच 'विनोदवीर', म्हणजे त्यानं तर पाटी लावूनच विनोद केला. फसलं कोण? सौ. म्हणाली, "फसलं कोण ते मला सांगता येत नाही, पण फसवणूक आहे." या वाक्यावर मी तेव्हा हसलो. आता हसत नाही.

दरम्यान घरी एक प्रयोग झाला. कन्येनं पट्टीनं मोजून, बरोबर 175 सेंटिमीटरवर, आमच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीला एक केळं चिकटवलं. शेजारी वहीच्या पानावर स्वतःच्या सहीचं प्रमाणपत्र. दोन दिवस येणाराजाणारा बघून जात होता. शेजारचे निवृत्त मास्तर चष्मा लावून जवळ गेले आणि म्हणाले, "डास पकडण्यासाठी आहे का?" तिसऱ्या दिवशी चिलटं आली. चौथ्या दिवशी आम्ही उठून पाहतो तर केळं नाही! नुसती चिकटपट्टी लोंबतेय आणि तिच्याबरोबर निघालेला डिस्टेंपरचा पापुद्रा.

चौकशीअंती उघड झालं, की त्या दिवशी एकादशी होती आणि आमच्या आईचा उपास होता.

"आजी, तू बावन्न कोटी खाल्लेस!" कन्या ओरडली.

आई शांतपणे म्हणाली, "एवढं काही गोड नव्हतं हो."

कन्येनं नवीन केळं लावायला काढलं, पण सौ.नं चिकटपट्टी जप्त केली. आमच्याकडे कलेला आश्रय कमी.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. पण त्या लिलावाची आणखी एक हकिकत पुढे वाचण्यात आली. लिलावाच्या दिवशी भिंतीवर लावलेलं ते केळं आणलं होतं जवळच्याच रस्त्यावरच्या फळगाडीवरून, 35 सेंटला. आपले तीस रुपये. गाडीवर होता बांगलादेशातून आलेला एक वयस्क माणूस. मालक नव्हे, तासाच्या मजुरीवर. आपण विकलेल्या केळ्याचं पुढे काय झालं, हे वार्ताहरांनी त्याला सांगितलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जस्टिन सननं जाहीर केलं, की मी त्या गाडीवरून एक लाख केळी विकत घेईन. मी पुन्हा कॅल्क्युलेटर काढला. एक लाख गुणिले 35 सेंट म्हणजे 35 हजार डॉलर. त्यातून केळ्यांची घाऊक किंमत वजा. उरेल ते गाडीच्या मालकाचं. म्हाताऱ्याच्या वाट्याला एक लाख केळी उचलण्याचं काम. हिशेबात कुठेच चूक नाही. कोणाचा एक पैसा बुडालेला नाही. आणि तरी सौ.चं ते वाक्य मला आठवलं.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. ती माझीच आहे आणि फारशी भूषणावह नाही.

काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या भागात वादळ झालं. केळीला वादळ म्हणजे काय ते खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. केळीला लाकूड नसतं. नुसता पाण्यानं भरलेला सोट. अर्ध्या तासाचा वारा येतो आणि कापणीला आलेली बाग घडांसकट आडवी होते. दुसऱ्या दिवसापासून शाखेत रांग लागली. कर्जाचं पुनर्गठन, पंचनाम्याच्या नकला, विम्याचे अर्ज. त्या रांगेत एक आप्पा होते. जुने खातेदार, साठीच्या पुढचे, कधी हप्ता न चुकवलेले. त्यांचा अर्ज माझ्याच टेबलावर होता. माझ्यासमोर आले आणि त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली केळ्यांची एक फणी काउंटरवर ठेवली.

मागे तीस माणसं उभी होती. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आणि माझ्या अंगात एकदम सचोटी संचारली. मी मोठ्या आवाजात म्हणालो, "आप्पा, हे चालत नाही. अर्ज टेबलावर असताना खातेदाराकडून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे."

आप्पांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "साहेब, पडलेल्या बागेत आठ-दहा झाडं उभी राहिली. त्यातली आहेत. एक फणी देवापुढे ठेवली, एक इकडे आणली."

"तरी नियम तो नियम."

"केळी कोणी परत करतं का साहेब?" एवढंच बोलले. आवाजात राग नव्हता. फणी उचलली, बाकावर गेले आणि रांगेतल्या माणसांना एकेक केळं वाटलं. वॉचमननं दोन खाल्ली. शिपायानं एक खाल्लं आणि साल माझ्या टेबलाजवळच्या टोपलीत टाकली. "फार गोड होती साहेब," वॉचमन नंतर मला म्हणाला.

नियम खरा होता. त्यात वाद नाही. पण आदल्याच दिवाळीत एका शीतगृहाच्या मालकाकडून आलेला काजूकतलीचा एक किलोचा पुडा मी घरी नेला होता, आणि तेव्हा त्याचाही अर्ज शाखेत होता. तो मला नियम आठवला नाही. कारण उघड आहे. त्या मालकाला माझी गरज नव्हती. म्हणून त्याची ती भेट. आप्पांना माझी गरज होती. म्हणून त्यांची ती लाच. मी केळ्यांकडे पाहिलंच नाही, आणणाऱ्याच्या परिस्थितीकडे पाहिलं आणि भाव लावला. सदबीजवाल्यांनी तरी दुसरं काय केलं? त्यांनी पाच-पन्नास रुपयांच्या वस्तूला बावन्न कोटी लावले. मी मात्र ज्या वस्तूला भाव नव्हताच, तिला भाव लावला. दोन चुकांत माझी मोठी, असं मला वाटतं. कारण त्यांच्या लिलावातून निदान कोणी मान खाली घालून घरी गेलं नाही.

आप्पांचा अर्ज नियमाप्रमाणे मंजूर झाला. दोन वर्षांत खातं सुरळीत झालं. ते अजून शाखेत येतात, "राम राम साहेब" म्हणतात, सही करतात, जातात. पिशवीत कधी काही नसतं.

गेल्या वर्षी या भिंतीवरच्या केळ्यानं डोकं भणभणलं तेव्हा एका रविवारी मी मोटारसायकल काढून त्यांच्या बागेवर गेलो. म्हटलं, आपणच जावं, मागून घ्यावं. कापणी चालू होती. आप्पांनी बाज टाकली, चहा पाजला, नातवाला हाक मारून पाणी आणवलं. आदरातिथ्यात काही कमी नाही. निघताना मी शक्य तितक्या सहज म्हणालो, "आप्पा, घरी न्यायला एखादी फणी मिळेल का?"

त्यांनी चांगली भरलेली फणी निवडली, कोयत्यानं उतरवली, काट्यावर ठेवली. "दीड किलो." मी खिशात हात घातला. मनातून वाटत होतं, आता हसतील, म्हणतील, ठेवा हो साहेब. खानदेशात बागेवर आलेल्या माणसाकडून फणीचे पैसे कोणी घेत नाही.

आप्पांनी पैसे घेतले. त्या दिवशीच्या भावानं, ना एक रुपया जास्त, ना कमी. मी पन्नासची नोट दिली तर नातवाला घरात पाठवून सुटे आणवले आणि माझ्या हातावर मोजून ठेवले. "बरोबर आहेत ना साहेब? मोजून घ्या."

मी मोजून घेतले. दुसरं काय करणार? सवय आहे.

केळी घरी आणली तेव्हा आईनं विचारलं, "कशी दिली?" मी भाव सांगितला. ती म्हणाली, "स्वस्त मिळाली की." मी काही बोललो नाही. केळ्यांची अशीही एक किंमत असते, ती कुठल्या कागदावर लिहिलेली नसते आणि काटाही ती दाखवत नाही. आईला ते समजावून सांगायला अ‍ॅडम स्मिथ पुरला नसता, आणि मला धीर झाला नसता.

बाहेरच्या खोलीत, जमिनीपासून 175 सेंटिमीटरवर, डिस्टेंपरचा पापुद्रा निघालेला तो डाग अजून तसाच आहे. सौ. म्हणते, दिवाळीला रंग काढू. कन्या म्हणते, डागालाही प्रमाणपत्र देता येईल. तूर्त त्याच्यावर मी आमच्या बँकेचं कॅलेंडर टांगलं आहे. ते मात्र फुकट मिळालं.